‘८२–०’ हा निकाल १८८१ मध्ये लागलाच नव्हता

वेल्सच्या रग्बीबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. कधी चार ओळींत, कधी ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशा मथळ्याखाली. त्याचा गाभा असा: वेल्सने आपला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना इंग्लंडकडून ८२–० असा गमावला. वेल्श युनियनने पाठवलेल्या त्या संघात खेळाडू कमी पडले, म्हणून बघ्यांना धरून मैदानात उतरवलं. आणि रिचर्ड गार्नन्स विल्यम्ससारखे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, हे ढकलाढकलीपुरते घेतलेले हौशी, घरंदाज गडी. एक सामना खेळले आणि संपले.

सामना झाला तो १९ फेब्रुवारी १८८१ रोजी, लंडनजवळच्या ब्लॅकहीथला, रिचर्डसन्स फील्डवर. इंग्लंड जिंकलं, आणि फार मोठ्या फरकाने जिंकलं. तेवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून तपासू.

‘८२–० असा पराभव’

त्या दिवशी नोंदलेला निकाल असा आहे: इंग्लंड ७ गोल, १ ड्रॉप गोल (चेंडू हातातून सोडून, टप्पा पडताच मारलेला गोल) आणि ६ ट्राय; वेल्स शून्य. गुण एकाही संघाला मिळाले नाहीत, कारण रग्बीत गुण मोजण्याची पद्धतच तेव्हा नव्हती.

हे नीट कळायला ‘ट्राय’ या शब्दाचा मूळ अर्थ लक्षात घ्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की त्याबद्दल हाती काहीच पडत नसे. मिळायची ती फक्त गोल मारून बघण्याची संधी. ‘ट्राय’ म्हणजे ती संधी. चेंडू जिथे टेकवला तिथून सरळ रेषेत मैदानात मागे आणायचा, आडव्या दांडीवरून खांबांच्या मधून मारायचा, आणि गेला तर एक गोल. नाही गेला तर ट्रायची फक्त नोंद राहायची. सामन्याचा निकाल गोलांच्या संख्येवर लागे. गोल समसमान असले किंवा कुणाचाच झाला नसला, तरच ट्राय मोजायचे.

म्हणजे १८८१ च्या नियमांनी हा सामना इंग्लंडने आठ गोल विरुद्ध शून्य असा जिंकला. सात गोल ट्रायवरून आलेले, एक ड्रॉप गोल. उरलेल्या सहा ट्रायनी निकालात काहीही भर घातली नाही.

मग ८२ आले कुठून? आजचा भाव लावून. एकूण १३ ट्राय गुणिले ५ म्हणजे ६५, सात कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर मारलेल्या गोलचे) प्रत्येकी २ म्हणजे १४, ड्रॉप गोलचे ३. बेरीज ८२. हिशोब बरोबर आहे, फक्त त्यातला पाच गुणांचा ट्राय १९९२ पासूनचा आहे. त्याआधी, १९७१ पासून, ट्रायला चार गुण होते. त्या भावाने हाच सामना ६९–० होतो. त्याहून मागे, ट्रायला तीन आणि ड्रॉप गोलला चार गुण असतानाच्या काळातल्या भावाने तो ५७–० होतो. १९४८ मध्ये ड्रॉप गोलची किंमत चारवरून तीनवर आली, त्या हिशोबाने ५६–०. मैदानावर काहीही बदललं नाही आणि पराभव मात्र दर पिढीगणिक लहानमोठा होत गेला. उद्या ट्रायचे सहा गुण केले, तर तो ९५–० होईल.

बोनस रेषा नव्हती तेव्हाच्या कबड्डीच्या सामन्याला आज बसून बोनसचे गुण वाटण्यासारखं हे आहे. आणि ते एकाच सामन्याला केलं जातं, हे जास्त खटकतं. वेल्सने इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं ते १५ फेब्रुवारी १८९० रोजी, ड्यूसबरीला. बुलर स्टॅडनने बाजूच्या रेषेवरून चेंडू लांब फेकण्याचा आविर्भाव केला, प्रत्यक्षात तो आत टप्पा पाडून स्वतःच उचलला आणि ट्राय टेकवला. तोवर गुणपद्धती आली होती आणि ट्रायला एक गुण होता, निकाल १–०. त्या विजयाला कुणी ५–० म्हणत नाही. मग पराभवालाच आजचा भाव कशासाठी?

एक गोष्ट अजून. आजच्या हिशोबात सात कन्व्हर्जन हा आकडा मामुली वाटतो. त्या काळी ते सोपं काम नव्हतं. चेंडू खोचून ठेवायला आजच्यासारखी प्लास्टिकची बैठक नव्हती. एक साथीदार जमिनीवर पालथा पडून चेंडू दोन्ही हातांत, मातीला न टेकवता धरायचा. मारणारा त्याला शिवण कुठे, कल किती ते सांगायचा. आणि खुणेसरशी तो चेंडू जमिनीवर ठेवायचा. चेंडू मातीला लागला की गोलरेषेमागे थांबलेला बचावाचा संघ अंगावर धावून यायला मोकळा. ठेवणाऱ्याने घाई केली तर धावून आलेल्यांच्या अंगावर चेंडू आदळायचा, उशीर केला तर मारणाऱ्याची पावलं चुकायची. ट्राय बाजूच्या रेषेजवळ टेकवलेला असेल तर कोनही अवघड. १३ पैकी ७ गोल ही त्या परिस्थितीत चांगली कामगिरी होती, आणि ‘८२’ लिहिताना इंग्लंडचं तेही श्रेय पुसलं जातं.

‘वेल्श युनियनने पाठवलेला संघ’

वेल्श रग्बी युनियनची स्थापना १२ मार्च १८८१ रोजी नीथ इथल्या कॅसल हॉटेलात झाली. सामन्यानंतर बरोबर २१ दिवसांनी. सामन्याच्या दिवशी ही संस्था नव्हतीच. संघ जमवला तो न्यूपोर्ट क्लबच्या रिचर्ड मलक यांनी, जवळपास एकट्याच्या खटपटीने. दक्षिण वेल्समध्ये तेव्हा एक फुटबॉल युनियन होती आणि १८७७–७८ च्या हंगामापासून चषक स्पर्धाही चालू होती. पण इंग्लंडशी सामना ठरवला तो मलक यांनी.

‘लाजेखातर युनियन काढली’ अशी जोडही काही ठिकाणी दिलेली दिसते. पराभवामुळे कामाला वेग आला असणार. पण ११ क्लबांचे प्रतिनिधी एका हॉटेलात जमतात ते फक्त शरमेपोटी नव्हे. त्या क्लबांत स्वान्सी, न्यूपोर्ट, कार्डिफ, लानेल्ली होते, उत्तरेचं बँगर होतं आणि गार्नन्स विल्यम्स यांचं ब्रेकनही होतं. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७१ पासून एकमेकांशी खेळत होते. वेल्सला त्या पंक्तीत बसायचं तर संघ निवडणारी आणि तारखा ठरवणारी मान्य संस्था हवी होती. ती नसली की काय होतं, हे ब्लॅकहीथला दिसलं होतं.

‘बघ्यांना धरून उतरवलं’

दोन निवडलेले खेळाडू वेळेवर आले नाहीत आणि त्यांच्या जागी सामना बघायला आलेले, वेल्सशी जेमतेम नातं सांगणारे दोन विद्यार्थी घेतले, अशी गोष्ट वेल्श रग्बीच्या इतिहासात सांगितली जाते. ती जशीच्या तशी धरली तरी १५ पैकी दोन होतात, आणि तेही विद्यापीठात खेळलेले. ‘बघ्यांचा संघ’ कुठून आला?

यादीच बघा. कर्णधार जेम्स बेव्हन १८७७ आणि १८८० मध्ये केंब्रिजकडून ऑक्सफर्डविरुद्ध खेळलेले. मागच्या फळीतले चार्ली न्यूमन न्यूपोर्टचे. पुढे तेच वेल्सचे कर्णधार झाले. एडवर्ड पीक क्रिकेटमध्येही नाव असलेले. फॉरवर्डांत कार्डिफचे बॅरी गर्लिंग, मान आणि फिलिप्स, न्यूपोर्टचे पर्डन आणि हार्डिंग, पाँटिप्रिडचे अठरा वर्षांचे ट्रेहार्न, ब्रेकनचे गार्नन्स विल्यम्स. क्लबात किंवा विद्यापीठात दर आठवड्याला खेळणारी ही माणसं होती.

अडचण खेळाडूंच्या दर्जात नव्हती, जुळवणीत होती. त्याच दिवशी दक्षिण वेल्समध्ये चषकाचा महत्त्वाचा सामना होता, त्यामुळे काही चांगले खेळाडू तिकडेच अडकले. निवडीसाठी सरावसामना झाला नव्हता. हे १५ जण त्याआधी एकत्र खेळलेले नव्हते, आणि काहींना सवयीच्या जागेवर खेळायला मिळालं नाही. रिचर्ड समर्स या खेळाडूने पुढे सांगितलेल्या आठवणींत तयारीचं चित्र मिळतं: निवड झाली ती शाळेतल्या खेळाच्या लौकिकावर, कपडे बदलले ते ब्लॅकहीथच्या ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ या दारूच्या गुत्त्यात, आणि पायांत होते साधे फिरायचे हलके बूट, वळताना पकड मिळावी म्हणून तळव्याला आडवी चामड्याची पट्टी ठोकलेले. जर्सी गळ्याशी घट्ट, निळ्या सर्जची विजार गुडघ्याखाली बांधलेली.

त्यावर कडी म्हणजे खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात दोन वेल्श खेळाडू जखमी होऊन बाहेर गेले. बदली खेळाडू देण्याची सोय आंतरराष्ट्रीय रग्बीत १९६८ पर्यंत नव्हती. उरले १३. जखमी झालेला मागच्या फळीतला असो की पुढच्या, परिणाम एकच: मागे भोक पडलं की पुढचा एक माणूस मागे ओढायचा, आणि पुढची फळी पातळ होते. ती पातळ झाली की काय होतं, ते पुढच्या मुद्द्यात.

‘फॉरवर्ड म्हणजे नुसती ढकलाढकली’

हा त्या मजकुरातला सर्वांत चुकीचा भाग आहे.

१८७७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघ २० वरून १५ वर आले. ब्लॅकहीथला वेल्सची रचना होती ती अशी: सर्वांत मागे दोन फुल-बॅक, त्यांच्या पुढे धावणारे दोन थ्री-क्वार्टर, फॉरवर्डांना लागून दोन हाफ-बॅक आणि तब्बल नऊ फॉरवर्ड. आज आठ असतात. पंधरातले नऊ जण ज्या कामाला लावले जातात, तेच त्या खेळाचं मुख्य काम असतं, एवढं तरी मान्य व्हावं.

त्यांचं काम कसं चाले? धावणाऱ्याला पकडून चेंडू अडवला की त्याने ‘डाउन’ असं ओरडून चेंडू तिथेच खाली ठेवायचा. ठेवताक्षणी दोन्हीकडचे फॉरवर्ड त्याच्याभोवती जमायचे आणि स्क्रम उभा राहायचा. प्रॉप, हुकर, लॉक अशा ठरलेल्या जागा नव्हत्या. जो आधी पोचेल तो पुढे, मागून येईल तो मागे. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक जागेवरचं काम यावं लागे, आणि सर्वांत आधी पोचायचं तर पळावंही लागे. लांबच्या पळीत दमलेला फॉरवर्ड सतत मागच्या रांगेत पोचायचा आणि समोरच्यांचे ताजे गडी आपल्या पुढच्या रांगेवर चाल करायचे. पक्क्या जागा फार पुढे रुजल्या. १९०५ च्या न्यूझीलंड संघाची २–३–२ अशी बांधीव रचना ब्रिटनमध्ये नवलाईची ठरली, यावरून कल्पना यावी.

स्क्रममध्ये माणसं आजच्याइतकी वाकत नसत, बरीचशी ताठ उभी असत. चेंडू पायांच्या जंगलात. टाचेने मागे सरकवून तो हाफ-बॅककडे द्यायचा, हे आज उघड वाटतं. तेव्हा ते रडीचं मानणारे पुष्कळ होते. चेंडू पुढे न्यायचा, समोरच्यांच्या मधून, पायाने. म्हणजे खांद्याने रेटत असताना नजर खाली, चेंडू बुटाच्या आतल्या बाजूने हळूच पुढे, आणि गर्दी फुटली की चार-पाच जणांनी मिळून ड्रिबल करत सुटायचं. सगळी मेख त्या चार-पाच जणांतल्या अंतरात होती. अंडाकृती चेंडू कधी डावीकडे उसळेल, कधी उजवीकडे. म्हणून मधल्याच्या दोन्ही अंगांना हाताच्या अंतरावर एकेक साथीदार हवा. एकाच्या पायातून सुटला की दुसऱ्याच्या पायात. चेंडू एका पावलाहून जास्त पुढे गेला की समोरचा फुल-बॅक त्यावर पडायचा, आणि सगळी धाव फुकट. याला ढकलाढकली म्हणणारा माणूस चेंडूकडे बघतच नाही.

दुसरी चाल चक्राची. समोरच्यांचा रेटा एका बाजूला जास्त असेल तर त्या बाजूने थोडं सोडायचं, दुसऱ्या बाजूने जोर लावायचा आणि आख्खा स्क्रम फिरवायचा. चेंडू पायात ठेवून मोकळ्या अंगाने बाहेर पडायचं. हे एकट्याने होत नाही. आदल्या दिवसापर्यंत एकत्र न खेळलेल्या नऊ जणांनी तर नाहीच नाही.

आता इंग्लंडचे ट्राय कुणी केले ते पाहा. ब्लॅकहीथचे जॉर्ज बर्टन यांनी चार, ऑक्सफर्डचे हेन्री व्हॅसल यांनी तीन. दोघेही फॉरवर्ड. १३ पैकी ७ ट्राय या दोन फॉरवर्डांचे! व्हॅसल यांचं नाव पुढे ऑक्सफर्डच्या ज्या खेळाशी जोडलं गेलं, त्यात फॉरवर्ड स्क्रम फोडून हातांनी आखूड पास देत पुढे सरकत. ब्लॅकहीथला वेल्स हरलं ते ताकदीत कमी पडलं म्हणून नव्हे. समोर एकत्र खेळलेली, फॉरवर्डनेही चेंडू हाताळायचा असतो हे समजलेली फळी होती, आणि इकडे पहिल्यांदाच एकत्र आलेली, सुरुवातीलाच माणसं गमावलेली फळी. फॉरवर्डांच्या कौशल्याने जिंकलेला सामना हा फॉरवर्डांना अक्कल नव्हती याचा पुरावा म्हणून फिरवला जातो आहे.

नऊचे आठही पुढे वेल्सनेच केले. कार्डिफने फ्रँक हॅनकॉक यांच्या काळात, १८८४ मध्ये, चौथा थ्री-क्वार्टर खेळवायला सुरुवात केली. राष्ट्रीय संघाने १८८६ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध तो प्रयोग केला आणि सामना चालू असतानाच सोडून दिला, कारण आठ जणांना स्कॉटलंडचे नऊ झेपेनात. नवव्या माणसाची किंमत किती होती, ते तिथे उघड झालं. उरलेल्या आठांना नऊंचं काम करायला शिकवल्यावरच ती रचना टिकली, आणि मग १८९३ चा वेल्सचा पहिला ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांनाही एका हंगामात हरवण्याचा मान) आला.

‘एक सामना खेळले आणि संपले’

गार्नन्स विल्यम्स यांच्या नावापुढे एकच आंतरराष्ट्रीय सामना आहे, हे खरं. पण सामने किती होते? ब्लॅकहीथनंतरचा वेल्सचा पुढचा सामना २८ जानेवारी १८८२ रोजी डब्लिनला झाला. त्यानंतरचा १६ डिसेंबर १८८२ रोजी, स्वान्सीच्या सेंट हेलन्स मैदानावर. २२ महिन्यांत तीन सामने, म्हणजे फॉरवर्डांसाठी जागा जेमतेम २७. आजचा राष्ट्रीय खेळाडू एका वर्षात दहाएक सामने खेळतो. त्या मोजपट्टीने १८८१ चा माणूस मोजला की सगळेच ‘संपलेले’ दिसणार.

शिवाय डब्लिनला बहुतेक संघ नवा होता, आणि त्या नव्या संघाने आयर्लंडला २ गोल आणि २ ट्रायनी हरवलं. स्वान्सीला इंग्लंडने पुन्हा हरवलं, पण या वेळी २ गोल आणि ४ ट्राय एवढ्यावर. त्या काळी खेळाडूची कारकीर्द क्लबात घडायची. राष्ट्रीय सामना हा तिच्यातला एखाद-दुसरा दिवस.

आणि ‘हौशी घरंदाज’? घर प्रतिष्ठित होतं. पण गार्नन्स विल्यम्स पेशाने सैन्यातले अधिकारी होते. ब्लॅकहीथला उतरले तेव्हा वय २४. लष्करी नोकरी करणाऱ्याला क्लबच्या हंगामाशी आणि राष्ट्रीय निवडीशी सातत्याने बांधून राहणं सोपं नसे. निवृत्त झाल्यानंतर १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. ते पुन्हा रुजू झाले आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून रॉयल फ्युझिलियर्सच्या १२ व्या बटालियनचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. सप्टेंबर १९१५ मध्ये, फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत ते मारले गेले. वय ५९.

पहिल्या महायुद्धात वेल्सचे १३ आंतरराष्ट्रीय रग्बीपटू गेले. पहिले चार्ल्स टेलर, जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या आरमारी लढाईत ‘टायगर’ या युद्धनौकेवर. नंतर १९१६ मध्ये डिक थॉमस आणि चार्ली प्रिचर्ड, दोघेही फॉरवर्ड. या १३ जणांत वयाने सर्वांत मोठे होते गार्नन्स विल्यम्स. वेल्सच्या अगदी पहिल्या संघातून आलेले. लूसच्या स्मारकाच्या भिंतींवर, ज्यांची कबर सापडली नाही अशा २० हजारांहून जास्त सैनिकांची नावं रेजिमेंट आणि हुद्द्याप्रमाणे कोरलेली आहेत. त्यांचं नाव तिथे रॉयल फ्युझिलियर्सच्या यादीत आहे.